हलगीत वाढलेली आमटी

"हलगी उलटी धर रं केऱ्या."

पाटलाच्या मांडवाबाहेर, उकिरड्याच्या अलीकडं माझा बाप उभा होता. सकाळपासून वाजवून त्याचे दंड भरून आले होते. आचाऱ्याच्या हातात वाफाळत्या आमटीचं भांडं. बापानं हलगी उलटी धरली.

ज्यांनी हलगी जवळून बघितली नाही त्यांना सांगतो. लाकडाचं कडं असतं. एका अंगाला शेळीचं कातडं ताणून बसवलेलं, दुसरं अंग उघडं. उलटी केली की परात होते. आमच्या गावात, कुंडलपासनं दोन कोसावर, हलगी वाजवणाऱ्या मांगाला पत्रावळ द्यायची नाही अशी रीत होती. वाजवायचं तेच त्याचं ताट. वरनं भात टाकायचा, वरनं आमटी ओतायची, म्हणजे शिवाशिव नको. ही रीत कुणाच्या डोक्यातनं निघाली असेल? ते डोकं मला एकदा बघायचं होतं.

बाप उकिडवा बसून जेवला. मीही माझ्या हलगीत जेवलो. अठरा-एकोणीस वर्षांचा होतो, पोटात आग पडली होती आणि आमटी झकास झाली होती. खोटं कशाला बोलू?

मग वरात निघाली. कातडं भिजलं की ढिलं पडतं. ते पुसायचं, चिपाडाच्या जाळावर शेकायचं, तेव्हा कुठं बोलायला लागतं. तेवढा दम कुणाला? "वाजीव की!" म्हणून पाटील ओरडला. बापानं हातातलं टिपरू कातड्यावर मारलं. ओल्या पोत्यावर बुक्की मारावी तसा आवाज आला. वऱ्हाडातलं कुणीतरी फिदीफिदी हसलं. पाटील तरातरा आला, पायातलं काढलं आणि बापाच्या पाठीत हाणलं. एकदा नाही, तीनदा.

"मांगा, हातात जीव न्हाई व्हय रं?"

"चुकलं मालक," बाप म्हणाला. आणि हसला.

मार बसताना मला राग आला नव्हता. बाप हसला तेव्हा आला, आणि बापाचाच आला. आमटी त्यांनी ओतली, आवाज बसला म्हणून पायताणही त्यांनीच हाणलं, आणि चुकलं कुणाचं? आमचं! घरी येईपर्यंत मी बापाशी बोललो नाही.

पुढं दोन-तीन महिन्यांत साताऱ्याला लढाईची भरती निघाली. मी पळून जाऊन उभा राहिलो. बंदूक मिळेल असं वाटलं होतं, मिळालं फावडं. आमची कंपनी रस्ते करायची आणि आगगाडीतनं माल उतरवायची. वळकटीत मी हलगी गुंडाळून नेली होती. का नेली, सांगता येणार नाही. दुसरं काही येतच नव्हतं मला.

पार तिकडं बंगालात, रेल्वेच्या एका मोठ्या गोदामापाशी आमचा तळ पडला. एका अंगाला आफ्रिकेतली पलटण होती, दुसऱ्या अंगाला अमेरिकेचे काळे सोल्जर. लॉऱ्या चालवणारे. आमच्या कंपनीतली माणसं त्यांना हबशी म्हणून हसायची. मीही हसलो. ज्यांना गावात सावलीला उभं करत नव्हते, ती आम्ही माणसं दुसऱ्याच्या रंगाला हसत होतो. आज आठवलं की लाज वाटते.

रविवारी दुपारी सुट्टी असायची. गोदामाच्या मागं एक मोडका डबा रुळावर उभा होता, त्याच्या सावलीत दोघंजण बसायचे. एक कोफी, आफ्रिकेतला, उंच, कमी बोलणारा. त्याच्याकडं ढोल होता, खोडातनं कोरलेला. दुसरा सॅम, अमेरिकेचा. त्याच्याकडं पितळेचं वाजवायचं होतं, तोंडानं फुंकायचं, आणि एक वही. सॅम रेघा ओढलेल्या वहीत सूर लिहायचा. कोफीला लिहिता येत नव्हतं. तो तोंडानं बोल म्हणायचा आणि सॅमकडून म्हणवून घ्यायचा. चुकला की परत. परत चुकला की परत. मग सॅम पितळ उचलायचा आणि कोफीनं ते फुंकून बघायचं. पहिल्यांदा फुंकलं तेव्हा म्हैस हंबरल्यासारखं झालं आणि दोघं पोट धरून हसले. कोण गुरू, कोण चेला, काही कळायचं नाही. एकाच सतरंजीवर मांडी घालून समोरासमोर.

मी लांबनं बघायचो. एक दिवस राहवलं नाही. हलगी काढली, शेकली आणि लांबनंच दोन हात वाजवले. कोफी ताडकन उठला. मला वाटलं, आता बसतंय थोबाडीत. त्यानं माझ्या दंडाला धरलं, ओढत आणलं आणि सतरंजीवर बसवलं.

आमच्यात दुभाषा होता फर्नांडिस, गोव्याचा, गोदामातला कारकून. त्याला इंग्रजी यायचं आणि कोकणी वळणाचं मराठीही यायचं. त्याच्या तोंडून आमचं बोलणं चाललं. मी बापानं शिकवलेली लग्नाची चाल वाजवली. कोफीनं तीच चाल ढोलावर घेतली आणि मधल्या मोकळ्या जागेत आपले ठोके भरले. माझी चाल तीच राहिली आणि चौपट झाली. आयला, माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं वाजवत होतो, आणि त्या चालीत एवढी जागा आहे हे मला कुणी दाखवलंच नव्हतं.

सॅमनं वही पुढं ओढली.

"विचारतोय, तुझा गुरू कोण?" फर्नांडिस म्हणाला.

"गुरू कुठला? बाप."

"बापाचं नाव सांग. लिहायचंय त्याला."

"केरबा," मी म्हणालो. सॅमनं नाव लिहिलं, तीनदा विचारून, नीट. त्याआधी माझ्या बापाचं नाव चावडीवरच्या हजेरीत तेवढं लिहिलेलं होतं. चोरी कुठंही होवो, हजेरी मांगवाड्याची.

असे पाच-सहा रविवार गेले. मग एकदा सॅमनं डब्यातल्या मटणाचा रस्सा गरम करून आणला. त्या दोघांना आणि फर्नांडिसला पत्र्याची ताटं होती, माझं ताट बराकीत राहिलं होतं. सॅम डाव भरून माझ्याकडं वळला. आणि मी काय करावं? हलगी उलटी केली आणि पुढं धरली.

कुणी सांगितलं नव्हतं. तिथं पाटील नव्हता, आचारी नव्हता. हजार मैलांवर येऊन माझेच हात आपोआप पुढं गेले.

सॅमला वाटलं, मी चेष्टा करतोय. तो हसला. कोफी हसला नाही. त्यानं माझं मनगट धरलं आणि फर्नांडिसला काहीतरी म्हणाला.

"विचारतोय, हे कुणी शिकवलं?"

मी हलगी मागं घ्यायला लागलो, त्यानं मनगट सोडलं नाही.

"तुझा बाप असाच जेवतो?"

"व्हय."

"आजा?"

"व्हय."

कोफीनं माझ्या हातातनं हलगी घेतली. तिच्यात अजून थेंबही पडला नव्हता, तरी आपल्या सदऱ्याच्या टोकानं आतनं बाहेरनं पुसली. मग स्वतःचं ताट माझ्या पुढं सरकवलं आणि जेव म्हणून खूण केली. त्यानं आमच्याकडच्या कुणाला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यानं नुसतं पुसलं, त्यानं मी मेलो. ते जेवण मला गेलं नाही. तोंड फिरवून बसलो आणि रडलो, बापाच्या पाठीत पायताण बसलं तेव्हा रडलो नव्हतो ते सगळं.

मग सॅम बोलला, सावकाश, फर्नांडिसला थांबत थांबत. त्याच्या खापरपणज्याला कोफीच्या मुलखातनंच साखळीत घालून नेलं होतं. मालकांनी त्यांचे ढोल काढून घेतले. ढोलावर हे एकमेकांना निरोप देतील, उठतील, अशी भीती. मग माणसांनी मांड्यांवर, छातीवर ताल धरला. सॅमनं मांडीवर थापा मारून दाखवला. "ढोल मी पहिल्यांदा इथं शिकतोय," तो म्हणाला, "तुमच्या देशात, ह्याच्याकडून." आणि त्याच्या गोऱ्या सोल्जरांचं क्यान्टीन वेगळं होतं, हे मी रोजच बघत होतो. आम्हाला आमची जागा दाखवणारी माणसं जगात सगळीकडं आहेत एवढं मला कळलं. फरक एकच. त्यांचा ढोल काढून घेतला होता. आमची हलगी आमच्याच हातात ठेवली आणि तिचं खरकटं भांडं केलं. यातलं वाईट कुठलं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या रविवारी एका गोऱ्या साहेबानं आम्हाला एकत्र बसलेलं बघितलं. त्याला ते खपलं नाही. सतरंजी बंद. पंधरवड्यात माझी, कोफीची आणि सॅमची अशा पलटणी तीन दिशांना गेल्या. ते जिवंत राहिले का मेले, मला माहीत नाही.

लढाई संपली. पुण्याहून गावाकडं येताना गाडीत पाटलाचा थोरला भेटला, हणमंतराव. तोही फौजेतनं सुटून आलेला, हवालदार. "आरं गड्या, तू!" म्हणून त्यानं मला शेजारी बसवलं. माझ्या डब्यातली बिस्किटं खाल्ली, माझ्या बाटलीतलं पाणी प्याला. आमचं टेसन आलं. खाली उतरल्यावर त्यानं आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, "आता जरा मागनं चल रं."

मी मागनं चाललो. तेव्हा चाललो, हे सांगायला पाहिजे.

महिन्याभरात त्याचंच लग्न निघालं. सांगावा आला. बाप खोकत होता, तरी उठला. मी म्हणालो, "आबा, मी वाजवतो, तुमी बसा." ऐकतोय कुठला! पाटलाचं लग्न केरबाशिवाय व्हायचं नाही, हीच त्याची मिजास. सकाळभर दोघांनी वाजवलं. कोफीनं दाखवलेल्या जागा मी भरत गेलो आणि बाप डोळे विस्फारून बघत राहिला. त्याला आवडलं होतं. तेवढं सुख त्याला माझ्याकडून मिळालं.

मग पंगत. पत्रावळींची थप्पी कमरेएवढी लागली होती. आम्ही जाग्यावरच, उकिरड्याच्या अलीकडं. आचाऱ्यासोबत हणमंतराव स्वतः आला, नवरदेव, हळदीच्या अंगानं.

"धर रं."

मी हलगी पाठीमागं नेली. "पत्रावळ द्या."

"आं?"

"पत्रावळ. ती काय पडलीया थप्पी. फेकून दिली तरी चालंल, पर हलगीत जेवणार न्हाई."

हणमंतरावानं माझ्याकडं बघितलं. बिस्किटं आठवली असावीत, कारण नजर खाली गेली. पण मागं त्याचा बाप उभा, मामा उभा, सोयरे उभे. "लय शिकून आलास वाटतं लढाईतनं," तो म्हणाला.

"व्हय. शिकून आलो."

आणि तेवढ्यात बाजूनं माझ्या बापानं आपली हलगी पुढं केली. उलटी.

"वाढा मालक. पोरगं येडं हाय. मला वाढा."

आचाऱ्यानं डाव भरला. मी बापाच्या हातातनं हलगी हिसकावून घेतली. आमटी माझ्या हातावर पडली, भाजलं, मी सोडली नाही.

"आरं, भूक लागलीया रं मला," बाप म्हणाला.

हे वाक्य मला जन्मभर पुरलंय. भुकेल्या बापाच्या हातातनं मी ताट काढून घेतलं. आणि तरी सांगतो, बरोबर केलं.

दोन्ही हलग्या काखेत मारून मी चालू लागलो. हलगीबिगर वरात दाराबाहेर काढायची नाही, ही त्यांचीच रीत. नवरीकडची माणसं उन्हात ताटकळली. मग सहा-सात जणांनी मला ओढ्यात गाठलं. दोन बरगड्या मोडल्या. मांगवाड्याला दुकान बंद, दळण बंद, पाटलाच्या विहिरीवरनं वरनं ओतून मिळायचं ते पाणीही बंद. आमचीच माणसं मला शिव्या द्यायला लागली. बाप बोलेना. मी सांगलीला आलो, हळद साठवायच्या पेवांवर हमाली धरली, विश्रामबागेच्या पलीकडं एक खोली बघितली. बापाला घेऊन आलो. तो माझ्याबरोबर राहिला, माझ्या हातचं जेवला, पण मरेपर्यंत सरळ तोंडानं बोलला नाही. "गावातलं नाव घालवलंस," एवढंच म्हणायचा. कुठलं नाव, आबा? केऱ्या?

बाप गेला त्याच साली हणमंतराव माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हणालो. आला नाही.

"दोन वर्सं झाली, देवीची पालखी मुक्यानं जातीया," तो म्हणाला. "गावात हलगी तुमच्याच घरची, आणि दुसऱ्या गावचं कुणी येत न्हाई, तुझी गोष्ट ऐकून. चल. ताट देऊ तुला. पितळी ताट देऊ."

"ताट नको."

"मग काय पायजे तुला?"

"शिका."

त्याला कळलं नाही.

"हलगी शिका. तुमी शिका, तुमच्या भावाला आणा. हितं माझ्यासमोर सतरंजीवर मांडी घालून बसायचं. चुकलं की परत म्हणायचं. आधी कातडं पुसायला शिकवीन, मग शेकायला, मग वाजवायला. कुणी इचारलं गुरू कोण, तर सांगायचं, केरबा मांगाचा ल्योक. आणि मग गळ्यात घालून तुमच्या देवीपुढं तुमीच वाजवा."

"मांगाची हलगी पाटलानं गळ्यात घालायची?" त्याचा आवाज चढला.

"न्हाई जमत? मग राहू द्या पालखी मुकी."

तो शिव्या देत गेला. गावात अजून हलगी वाजत नाही. माणसं मध्ये पडतात, देवाचं काम आहे म्हणतात, आता जाऊ दे म्हणतात. मी जाऊ देणार नाही. सतरंजी अंथरलेली आहे. ज्याला हलगी ऐकायची आहे त्यानं येऊन तिच्यावर बसावं. उभ्या माणसासाठी मी टिपरू उचलणार नाही.