अर्धी उठलेली पोरगी

विमानतळावर काउंटरवरच्या पोरीनं मला विचारलं, "काकू नाही आल्या?"

"गेली ती. संक्रांतीनंतर."

ती खुर्चीतून अर्धी उठली. मागून साहेब ओरडला, "लाइन थांबवू नका!" ती पुन्हा बसली. ते बसणं डोक्यातून जात नाही.

लेकीकडे परदेशी थेट नेणारी ही विमान कंपनी पूर्वी छोटी होती. तेव्हा हीच पोरगी बाहेर येऊन आमच्या हिच्या लोणच्याच्या बरण्यांना चिकटपट्टी लावायची, गुडघ्यांसाठी पुढची सीट द्यायची. आता मोठ्या कंपनीनं ही छोटी गिळली.

मी शिकलेला नाही. पण छोट्यानं टिकायचं कशावर? विमानं मोठ्याकडं जास्त, तिकीटही तोच स्वस्त करणार. छोट्याकडं होती ती ही उठून येणारी पोरगी. मोठ्यानं विमानं घेतली आणि तिला खुर्चीत डांबली. अक्कल नाही मेल्यांना.

हिला ओळखणारं इथं कुणी भेटेल, म्हणून मी हेच तिकीट काढलं होतं.

"काका, सीट कुठली देऊ?" पोरीचे डोळे भरलेले, बोटं मात्र चालूच.

"कुठलीही दे बाई. शेजारी ती नाही, मग खिडकी काय अन् दार काय."