वायर गुंडाळायचा एक तास

भिकन माइकवाल्याचा दहावा होता आणि माइक दुसऱ्यानं लावला होता. नवसाबाईला सकाळपासून हीच गोष्ट खुपत होती. दुसरा म्हणजे कुणी परका नव्हे, सोमनाथ. नवऱ्याचा शाळेपासूनचा दोस्त आणि धंद्यातला जोडीदार. मशीन भिकनचं, कर्णे भिकनचे, वायरींची निळी पेटीसुद्धा त्यानंच रंगवलेली. तरी तिला राहून राहून वाटत होतं, की आत्ता नवरा कुठून तरी येईल आणि म्हणेल, "सोम्या, कर्ण्याचं त्वांड नदीकडं कशाला केलं रं? पाण्याला ऐकवायचं हाय का?"

सिन्नरच्या आसपासच्या गावांतून दहाव्याला माइक लागतोच. नदीकाठच्या शेडमध्ये पिंडदान होतं, महाराजांचं प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. बाया एका अंगाला डोक्यावर पदर घेऊन बसतात, पुरुष दुसऱ्या अंगाला, आणि पुढाऱ्यांसाठी समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. पुढाऱ्यांना एका सकाळी तीन-तीन दहावे गाठायचे असतात. त्यामुळे गाडी चालूच ठेवलेली, मयताचं नाव तळहातातल्या चिठ्ठीवर, आणि पोकळी मात्र सगळीकडे तीच, कधीही भरून न निघणारी. अशा किती पोकळ्या भिकननं सत्तावीस वर्षं मशीनमागे बसून ऐकल्या असतील, देव जाणे. पंचक्रोशीत कुणी गेलं की पहिला फोन नातेवाइकांना, दुसरा भटजींना आणि तिसरा भिकनला, हे ठरलेलं होतं.

पुतण्या दीपकनं डोकं भादरून पिंड ठेवले आणि बाजूला झाला. कावळा दोन मिनिटांत शिवला.

"लय समाधानी माणूस," लोक आपापसांत म्हणाले. "मागं काय राह्यलं नाय त्याचं."

ते ऐकून नवसाबाईला बरं वाटायच्या ऐवजी रडूच कोसळलं. त्याचं काही राहिलं नसेल. तिचं राहिलं होतं.

तिचं काय राहिलं होतं ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, पोटच्या पोरीलाही नाही. दहावा आटोपतो अकराच्या सुमाराला. साडेअकराला गावातली माणसं घरोघरी आलेली असायची. भिकन एकच्या आत कधी आला नाही. विचारलं की एकच उत्तर, "वायर गुंडाळायची राह्यली व्हती." कुठल्या शेडला अशी किती वायर लागते? इतक्या वेळात तर माणूस सिन्नरला जाऊन भाजी घेऊन परत येईल. फोन केला तर उचलायचा नाही, सरळ कट करायचा. तो जेवल्याशिवाय जेवायची तिला सवय नव्हती. ती चुलीपुढे बसून राहायची, भाकरी गार व्हायची आणि डोकं गरम. पहिली काही वर्षं तिला पत्त्यांचा संशय होता. मग दारूचा. तो अंघोळ करून घरात आला की ती काहीतरी निमित्त काढून त्याच्याजवळ जाऊन वास घ्यायची. साबणाशिवाय कसलाच वास यायचा नाही. एकदा तर तिनं सोमनाथच्या बायकोला गाठून हळू आवाजात विचारलं होतं, "कुणी बाई तर नाय ना गं?" सोमनाथची बायको पोट धरून हसली होती. "भिकनभाऊ? आवं, ते बाईशी बोलताना वर सुदीक बघत नाय."

शेवटच्या दिवशीही तो असाच सव्वा वाजता आला. नवसाबाईच्या पोटात आग पडली होती. तिनं ताट समोर आदळलं आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या मेलेल्या माणसांपाशी तुमाला जास्त करमतंय. मंग तिथंच राहा की. घरी कशाला येता?"

भिकननं ऐकून घेतलं. समोरच्याचं ऐकून घ्यायचा तर त्याचा धंदाच होता. जेवला, ताट मोरीत नेऊन ठेवलं आणि ओसरीवर आडवा झाला. चार वाजता ती चहा घेऊन गेली तेव्हा तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नाही. तिथंच राहा, हे तिचं त्याच्याशी शेवटचं बोलणं. गेले दहा दिवस ते वाक्य तिच्या उशाशी होतं.

भाषणं सुरू झाली. पंचायत समितीच्या एका माजी सभापतींनी भिकनला भिकाजीराव केलं आणि पाठोपाठ प्रगतिशील शेतकरीही करून टाकलं. भिकनच्या नावावर दहा गुंठे होते आणि त्यात बाभळी. दुसरे एक नेते बोलता बोलता स्वतःच्या निवडणुकीवर घसरले. दुसऱ्या कुणाचा दहावा असता तर नवसाबाईला पदराआड हसू आलं असतं. ती बघत होती मशीनकडे. सोमनाथनं मान खाली घालून बटण अगदी हळूच फिरवलं आणि नेत्यांचा आवाज बसत बसत गेला. त्यांनी दोनदा खाकरून पाहिलं आणि भाषण आटोपतं घेतलं.

मग सोमनाथ स्वतः उठला. त्यानं आयुष्यात माइक हजारदा लावला असेल, पण त्यावर बोलायला तो पहिल्यांदाच उभा राहिला होता.

"आता मी जे केलं ना, ते भिकननंच शिकवलं मला," तो म्हणाला. "कुणी मयत सोडून सोताचंच सांगाया लागला की आवाज बारीक करायचा. सत्तावीस वर्षांत एकाला बी कळलं नाय. समद्यांना वाटायचं आपलाच घसा बसला." खुर्च्यांवरचे पुढारी सोडून सगळे हसले. "आन दुसरं. लग्नात आमी हॅलो हॅलो करतो. दहाव्याला त्यानं कधी हॅलो म्हणलं नाय. म्हणायचा, ज्याला हाक मारायची तो तर गेला, हॅलो कुणाला म्हणायचं? बोटानं दोनदा टकटक करायचा, बास."

दीपकनं त्याला हात धरून परत मशीनपाशी नेऊन बसवलं.

पुढारी गेले, आणि त्यांच्यामागे त्यांची माणसं. उरलेले लोक जेवणाकडे वळायच्या आधी घोळक्या-घोळक्यानं आठवणी काढत उभे राहिले. पूजा, म्हणजे भिकनची एकुलती एक मुलगी, शहरात इंदिरानगरला असते, एका दवाखान्यात रिसेप्शनला. ती चुलत भावंडांना सांगत होती, "माझ्या लग्नात बाबांनी दुसऱ्या कुणाचा साउंड लावू दिला नाही. मी निघाले तेव्हा सगळे त्यांना हाका मारतायत आणि हे मशीनमागून उठायलाच तयार नाहीत. म्हणे, थांबा, माइक शिट्टी मारतोय. माइक बंद होता हो! मी जाऊन बघितलं तर मशीनवर डोकं ठेवून रडत होते." हे सांगताना पूजा हसत होती, मग ती आईकडे वळली.

"आई, तू सांग ना काहीतरी," ती म्हणाली. "दहा दिवसांत तू बाबांबद्दल एक शब्द बोलली नाहीयेस."

"काय सांगू?" नवसाबाई म्हणाली. सांगण्यासारखं एकच होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

लोक जेवायला निघाले. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की बायांच्या बाजूचा एक घोळका उठलाच नाही. पंचवीस-तीस जणी असतील. काही ओळखीच्या, बऱ्याचशा अनोळखी. कुणी सत्तरीची, कुणी तिशीतली. त्या ज्या तऱ्हेनं बसल्या होत्या त्यावरून वाटत होतं, की कार्यक्रम अजून संपलेला नाही. त्यांतली एक म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि नवसाबाईजवळ येऊन बसली. सुलाबाई तिचं नाव, नदीपलीकडच्या गावची.

"वहिनी, तुमी आमाला वळखत नाय," ती म्हणाली. "पण आमी तुमाला वळखतो. तुमचा फोन यायचा ना."

"माझा फोन?"

"दादा कट करायचे. तवा आमाला कळायचं, घरी वाट पाहणारं माणूस हाय. मंग आमी लवकर आटपायचो."

"काय आटपायचा तुमी?" नवसाबाईनं विचारलं.

"माझ्या मालकाच्या दहाव्याला चौदा जण बोलले," सुलाबाईनं सांगायला घेतलं. "मी मोजले. चाळीस वर्षं त्या माणसासंगं मी काढली, आन बोललं कोण, तर ज्यांनी त्यांना मतदानापुरतं पाह्यलं ते. बायांना कोण बोल म्हणतंय? समदे गेल्यावर बी माझा पाय निघना. दादा वायर गुंडाळत व्हते. मी इचारलं, हे अजून चालू हाय का? त्यांनी माझ्याकडं पाह्यलं. मोठे कर्णे बंद केले, एक बारका बॉक्स तेवढा ठिवला, आन म्हणाले, बोला मावशी, गावात आवाज जात नाय. आन माझ्याकडं पाठ करून बसले. माझं बोलणं सरस्तोवर तीच वायर सोडायचे, तीच गुंडाळायचे."

"माइकात बोलला तुमी?"

"नुसतं बोलायला घराच्या भिंती हायेत की. पण ज्याच्यात चौदा जण बोलले त्याच्यात मला बी बोलायचं व्हतं. काय बोलले ते आता आठवत नाय. त्या दिवशी झोप लागली मला, एवढं आठवतंय."

मग एकेक जण सांगू लागली. सुलाबाईनं बहिणीला सांगितलं, बहिणीनं नणंदेला, आणि असं करत करत गावोगावच्या बायांमध्ये ते पसरलं. घरच्या पुरुषांच्या कानावर मात्र कधी गेलं नाही, आणि भिकनच्या घरापर्यंतही कुणी नेलं नाही. भिकनचा माइक असला की सगळे गेल्यावर एक तास आपला. कुणी गेलेल्या सासूची माफी मागितली. कुणाचं बारा दिवसांचं बाळ गेलं होतं. त्याला दहावा नसतो, म्हणून ती जावेच्या दहाव्याला आली आणि बाळाशी बोलून गेली. एक काळीसावळी बाई तोंडावर पदर धरून म्हणाली, "मी तर शिव्याच दिल्या. लय मारायचा मला. जित्या माणसाला बोलायची सोय नव्हती, मेल्यावर बोलले. दादांनी मागं वळून बघितलं नाय."

नवसाबाईला एकदम सोमनाथच्या बायकोचं हसणं आठवलं. वर्षानुवर्षं ती ज्या बाईचा संशय घेत होती, ती ही अशी तीस जणी होऊन समोर बसली होती. तिला हसू आलं, आणि मग त्याहून जास्त राग.

"मंग मला का नाय सांगितलं? एका शब्दानं सांगितलं असतं तर मी भांडले असते का?"

घोटीला दिलेली निकिता म्हणून एक शिक्षिका होती, ती पुढे सरकली. "माझ्या आईच्या वेळी मी विचारलं होतं त्यांना, घरी काय सांगता म्हणून. ते म्हणाले, दहाव्यावरून आलेला माणूस अंघोळ करूनच घरात शिरतो ना? तिथलं काही घरात न्यायचं नसतं. ऐकलेलं पण नाही."

साबणाचा तो वास नवसाबाईच्या नाकात भरून आला. ज्या अंघोळीमागे तिनं दारू शोधली होती, ती ही अंघोळ.

तिनं वर पाहिलं. सोमनाथ शेडच्या टोकाला वायर गुंडाळत बसला होता. कर्णे उतरवून झाले होते. माइकचं स्टँड मात्र जिथल्या तिथं होतं आणि त्याच्या पायाशी एक बारका बॉक्स, त्यावरचा लाल दिवा लागलेला.

"तुमाला ठावं व्हतं, भाऊजी?"

"व्हय वहिनी," सोमनाथ वर न बघता म्हणाला. "सांगू नको म्हणला व्हता." मग बॉक्सकडे बोट करून तो म्हणाला, "चालू हाय."

सुलाबाईनं तिला हात देऊन उठवलं. नवसाबाई माइकपाशी गेली. तो तिच्यासाठी उंच होता. पूजा धावत आली आणि तिनं स्टँड खाली करून दिलं. मग पूजाला काय वाटलं कुणास ठाऊक, तीही मागे जाऊन त्या बायांमध्ये बसली. सोमनाथनं पाठ फिरवली. ते बघून सुलाबाई वळली, निकिता वळली, एकेक करत साऱ्या जणी नदीकडे तोंड करून बसल्या. पूजाही वळली.

नवसाबाईनं माइकवर बोटानं दोनदा टकटक केलं.

"आवं," ती म्हणाली. आवाज बॉक्समधून बारीक आला आणि ती स्वतःच दचकली. कुणीही मागे वळून बघितलं नाही.

"आवं, एक वाजून गेला," ती म्हणाली. "मी म्हणले ना, तिथंच राहा. तसं नव्हतं म्हणायचं मला. मला भूक लागली व्हती, म्हून बोलले. तुमी जेवल्याबिगर मी कधी जेवले का? दहा दिस झाले, एकटीला घास उतरत नाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी काय नाय इचारणार. कुठं व्हता म्हून नाय, फोन का कट केला म्हून नाय. किती बी उशीर करा. भाकरी गार झाली तरी मी परत टाकीन. पण या घरी."

सोमनाथची वायर गुंडाळून झाली होती. त्यानं ती सगळी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.