काँक्रीटच्या फोल्डरात गेलेलं पत्र

इंटरनेट नवं होतं तेव्हा नगरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळायचो. सर्व्हरचा पासवर्ड माझ्याकडे, खोलीची चावीही माझ्याकडे. दिवसातून दोनदा पुण्याला फोन जोडून सगळ्यांची मेल उतरवून घ्यायची, एवढ्यावर माझा रुबाब होता. मोठमोठे प्राध्यापक दारात उभे राहून विचारायचे, "आली का हो आमची मेल?"

मग ती नोकरीला लागली. नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातल्या, भातशेती करणाऱ्या घरातली, माझ्याच वयाची. सिव्हिलच्या एका वयस्कर सरांची जुनी तक्रार होती. काँक्रीटवरच्या कसल्याशा चर्चेची रोज ढीगभर पत्रं येत आणि जर्मनीतल्या मुलाचं पत्र त्यात हरवून जाई. मी म्हणायचो, "सर, मेल अशीच येते." तिनं चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरनं आपोआप पाळायच्या सूचना, लिहून त्यांच्या खात्यात ठेवली. चर्चेची पत्रं आल्या आल्या वेगळ्या फोल्डरात जाऊ लागली, मुलाचं तेवढं समोर राही. महिन्याभरात प्रत्येकाला आपापली स्क्रिप्ट हवी झाली. माझ्या टेबलापाशी थांबून सगळे विचारायचे, "मॅडम आहेत का?"

मी हसून "आहेत" म्हणायचो आणि आतल्या आत जळायचो. तिच्या डब्याभोवती चार माणसं जमली तरी मला राग यायचा.

एका रविवारी लॅबमध्ये मी एकटाच होतो. सरांची स्क्रिप्ट उघडली आणि काँक्रीटच्या ओळीत मुलाचाही पत्ता घालून ठेवला, म्हणजे त्याचं पत्रही त्याच फोल्डरात जाणार. तिची फजिती व्हावी, एवढंच मनात होतं.

त्याच आठवड्यात मुलानं मेलवर कळवलं, मुलगी झाली. सरांना ते कळलं आठ दिवसांनी, त्याचा फोन आला तेव्हा. ते तडक लॅबमध्ये आले. "मी आजोबा झालो अन् मलाच पत्ता नाही! हीच का तुमची हुशारी?" सगळ्यांसमोर तिला बोलले.

तिनं फाइल उघडली, शेवटच्या बदलाची तारीख पाहिली. रविवारची. मग माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरमध्ये कागद लावत होतो.

"चूक झाली, सर," एवढंच म्हणून तिनं ओळ दुरुस्त केली.

तिची फजिती झाली, पण मला काही बरं वाटलं नाही. उलट तिला असं गप्प राहता येतं, याचाही हेवा वाटला.

तीन दिवसांनी मी सरांना खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला काय सांगता? तिला सांगा."

तिला सांगितलं, तर म्हणाली, "ठाऊक होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्हाला काढलं असतं, अन् तुमची चावी अन् तुमचे रविवार माझ्या गळ्यात पडले असते. लई झालं असतं ते." तिनं शेजारची खुर्ची ओढली. "बसा. स्क्रिप्ट लिहायला शिका."

शिकलो. पुढे ती पुण्याला गेली आणि तिचं सगळं काम माझ्याकडे आलं. तिला चार ओळी पुरायच्या तिथं मला वीस लागायच्या. तिची एखादी फाइल उघडली, की तेव्हाही माझ्या पोटात दुखायचंच.