हद्दीवरून परतलेला शिंपी

ठाकूरद्वारला आमच्या वाडीत तळमजल्यावर गोव्याचा एक शिंपी राहायचा. गोवामुक्तीच्या सत्याग्रहींबरोबर हद्दीवर जाऊन परतल्यापासून त्या विषयावर बोलताना त्याला एका जागी बसवत नसे. रस्त्यावरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला, की तो मशीन सोडून दारात येई. "तुमचं भांडण घरातलं," तो म्हणे. "आमच्याकडे पोर्तुगीज अजून बसलाय."

एका संध्याकाळी तो वर आमच्याकडे आला. माझे वडील शाळामास्तर. इंग्रजांच्या वेळी तुरुंगात जाऊन आलेले. ते त्याला म्हणाले, "हातात शस्त्र न घेता आम्ही तुरुंग भरले. धीर धर."

"मास्तर, माझ्या बाजूचा माणूस हात वर करून उभा होता. त्यालाच गोळी लागली. आता आमची पोरं रानात जमतायत. मी चाललो."

मग त्याने खिशातून पांढरी टोपी काढली. धुऊन, इस्त्री करून आणली होती. "ही तुम्ही दिलेली. मी आता जे करणार, ते करताना ही डोक्यावर नको. तिचा मान जाईल."

वडिलांनी बराच वेळ हात पुढे केला नाही. मग टोपी घेतली आणि कपाटात ठेवली.

सकाळी तो निघाला तेव्हा मी खिडकीत होतो. वडील अनवाणीच खाली उतरले आणि त्याच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली. ती जड होती. त्यांचा खांदा एका बाजूला झुकला. आत काय आहे हे न विचारता ते नाक्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले.