शोभाकाकूंची खीर आणि सुनेची गोळी

शोभाकाकू कराडहून अमेरिकेत सनीव्हेलला आल्या त्या बॅगेत दोन किलो अळीव कोंबूनच. सुनेचं, नेत्राचं, पहिलं बाळंतपण ना. विमानतळावर लेक केदार म्हणाला, "आई, इथं सगळं मिळतं."

"सासू मिळते का?" काकूंनी विचारलं. केदारनं बॅग उचलली.

काकूंनी तिन्ही पोरं दोन-दोन वर्षं अंगावर पाजलेली, वर शेजारणीचं एक. मग त्या कुणाचं ऐकतात? सकाळी सहाला दुधातली अळिवाची खीर, वर तुपाची धार. वाटी रिकामी दिसेस्तोवर काकू पलंगापासून हलायच्या नाहीत.

आता नेत्राला थायरॉइडची गोळी रोजची. आधी ती पाण्याबरोबर घ्यायची. सासूबाई डोक्यावर उभ्या म्हटल्यावर खिरीच्या घोटाबरोबरच गिळायला लागली. एका दमात दोन कामं.

पाचव्या आठवड्यात दूध आटायला लागलं. तान्ह्या पोरीचं वजन अडलं, डॉक्टरांनी वरचं दूध चालू केलं. नेत्राला तर वर्षभर पाजायचं होतं. पण केस गळायचे, अंगात त्राण नाही.

"सोमवारपासून बंदच करते, आई," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

काकूंनी काय करावं? खिरीच्या दोन वाट्या केल्या. दूध आणखी आटलं. मग तीन.

"आई, वजन बाळाचं वाढवायचंय, नेत्राचं नाही," केदार म्हणाला.

"तू गप. तुझ्या वेळी कुणी काटा घेऊन बसलं नव्हतं."

शेवटी तिघं बाळाला घेऊन दवाखान्यात, पाजायचं शिकवणाऱ्या बाईंकडे गेली. बाईंनी आधी आईचीच चौकशी केली. बाळंतपणात रक्त किती गेलं, साखर होती का, झोप लागते का, रडू येतं का. आईचीच तब्येत ढासळली तर दूध टिकायचं कसं, म्हणाल्या. केदार काकूंना सगळं मराठीत सांगत होता.

"थायरॉइडची गोळी कशाबरोबर घेतेस?" बाईंनी विचारलं.

नेत्रानं सासूकडं बघितलं. सासूनं छताकडं.

"खिरीबरोबर."

बाई म्हणाल्या, दुधाबरोबर ती गोळी धड अंगी लागत नाही, मग थायरॉइड कमी पडून पान्हाही आटतो. रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घे आणि तासभर काही खाऊ नको. रक्तवाढीची गोळी तर चार तासांनी. मग रक्त तपासायला दिलं. गाडीत काकू सुनेकडं वळल्या.

"म्हणजे दुधाची चोर मीच का गं?"

"तुम्ही नाही आई, खीर."

"आणि खीर कुणाची?"

नेत्राला महिन्याभरात पहिल्यांदा हसू फुटलं.

दुसऱ्या दिवसापासून सहाला गोळी आणि पाणी. सातपर्यंत गॅस बंद. केदारचा चहासुद्धा.

"मला कुठं थायरॉइड आहे?"

"वास सुटतो चहाचा. ती बसणार होय नुसती बघत?"

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी गोळीही वाढवली. दीड महिन्यात नेत्राच्या अंगात जीव आला, पान्हा वाढला. वरची एक बाटली तेवढी राहिली. पोरगी काट्यावर चांगली भरली तशी नेत्रा म्हणाली, "आई, आता वर्षभर पाजणार."

"दात येऊ देत तिला," काकू म्हणाल्या, "मग सांग."