परमुलखातला निवाडा आणि माझं डुगडुगणारं टेबल

ठाण्याच्या कोर्टात वकिलांच्या खोलीत माझं टेबल डुगडुगतं. या घोर अन्यायाविरुद्ध मी दोन अर्ज केले, कोर्टाचं सामानसुमान पाहणाऱ्या नाझरसाहेबांना समक्ष भेटलो... शेवटी टेबलाच्या पायाखाली एक जाडजूड पुस्तक सरकवलं आणि माझा न्याय मीच करून घेतला. वर्ष झालं त्याला.

परवा त्याच टेबलाशी बसून बाबूरावाचं कौतुक ऐकावं लागलं. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, वकिलीत कालचा... आणि राहतो डोंबिवलीला, जिथे गवताखेरीज काही उगवल्याचं ऐकिवात नाही.

प्रकरण असं. दमणच्या काशीबाईच्या नवऱ्याचं गलबत कल्याणच्या एका शेठने भात वाहायला नेलं होतं. नवरा वारला तसा शेठ म्हणू लागला, गलबत मला विकलंय.

दमणच्या पंचांनी निवाडा दिला, गलबत बाईचं, परत करा. पण दमणवर राज्य पोर्तुगिजांचं, आणि गलबत बांधलेलं कल्याणच्या खाडीत... शेठ म्हणाला, "तो कागद तिकडेच दाखवा."

बाई आधी माझ्याकडेच आली होती. मी निवाड्यावरचे फिरंगी शिक्के पाहिले आणि चष्मा काढला. "परमुलखातला निवाडा इथे चालत नाही, बाई. नव्याने दावा लावा, साक्षीदार आणा."

"साक्षीदार दोनच होते साहेब, दोघंही गेले," ती म्हणाली. "घरची नऊ माणसं त्या गलबतावर जगतात." मी हात जोडले.

मग ती बाबूरावाकडे गेली. त्याने शिक्क्यांकडे पाहिलंच नाही. त्याने एवढंच विचारलं, पंचांपुढे जाण्याआधी बाईने आणि शेठने काही लिहून दिलं होतं का? दिलं होतं... आपल्याकडची जुनी रीतच ती. 'पंच सांगतील ते मान्य', आणि खाली शेठची मोडी सही, मुक्काम कल्याण.

कोर्ट म्हणालं, पंच परके असतील, शब्द तर इथलाच आहे. परवा गलबत सुटलं.

तेव्हापासून पट्टेवाला पाणी आधी बाबूरावाला देतो. त्याची पगडीसुद्धा मला माझ्या पगडीपेक्षा नीट बसलेली दिसू लागली आहे.

न राहवून विचारलं, "अरे, हे तुला सुचलं कुठून?"

"सुचतंय कसलं, तात्या. पुस्तकात आहे की. गेल्या वर्षी माझ्याकडून वाचायला नेलंत, तेच. तुम्ही तर वाचलं असेलच."

खोली रिकामी होईपर्यंत मी थांबलो. मग धोतर सावरत टेबलाखाली शिरलो... पुस्तक ओढून काढलं, उपरण्याने पुसलं. त्या पानावर त्याने तांबड्या पेन्सिलीने रेघ मारलेली होती. वर्षभर पुस्तक माझ्या पायाशी, आणि मजकूर त्याच्या डोक्यात.

काशीबाईला मी रिकाम्या हाताने परत पाठवलं, तेव्हाही ते तिथेच होतं.

पुस्तक त्याच्या टेबलावर ठेवून आलो. हे लिहिताना माझं टेबल पुन्हा डुगडुगतंय, अक्षर वाकडं येतंय... येऊ दे.