गॅरेजच्या ओल्या फरशीवर

"जागा जे म्हणन ते," असं म्हणत तो दारातच गुडघ्यावर बसायचा आणि हाताची मागची बाजू फरशीला लावायचा. आजारी लेकराचा ताप पाहावा तशी. तळवा का नाही लावत, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं, तर हसला. "तळव्याले काही समजत नाही आता, ताई. रंगातल्या हार्डनरनं खाल्ला तो."

तुमच्याही घरी असा एखादा कारागीर येऊन गेला असेल. आपल्या घराची आपल्यापेक्षा त्यालाच जास्त काळजी, आणि म्हणून त्याचा थोडा रागच येतो.

आमचं घर लाखनीत, हायवेपासून दोन गल्ल्या आत. समोर चार पायऱ्या आहेत. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझ्या सासूबाई, म्हणजे आई, गॅरेजमधूनच ये-जा करत. तिथलं काँक्रीट उखडलेलं, वॉकर अडकायचा. म्हणून फरशीवर एपॉक्सीचा, म्हणजे दगडासारख्या घट्ट होणाऱ्या रंगाचा थर द्यायचं ठरलं. हा माणूस वरठीचा. कारखान्यांच्या शेडमध्ये हेच काम करून पन्नाशीला आलेला, आता घरगुती कामंही घेत होता.

पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं फरशीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तुकड्याखाली थेंब जमलेले. "ओल हाये अजून." पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. माझे यजमान वैतागले. "अहो, रंगच तर लावायचा आहे!"

"मंग रंगच लावा न जी. मले कायले बोलावता?"

एप्रिलमध्ये प्लॅस्टिक कोरडं निघालं, तेव्हा कुठे काम सुरू झालं. फरशी घासली, प्राइमर लागला. आईंसाठी तो एक फळी घेऊन आला, रंगावर बारीक वाळू टाकलेली. त्यांना अनवाणी तिच्यावर उभं केलं. "टोचत नाही ना, आई? घसरत नाही ना?"

"नाही बा. साजरं हाये." मग त्याच्याकडे निरखून, "कोनाचा रे तू?"

आईंना हल्ली काही लक्षात राहत नसे. हा प्रश्न त्या त्याला रोज विचारत, आणि तो रोज हातातलं काम ठेवून आपलं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं पहिल्यांदा सांगावं तसं सांगत असे.

मुख्य थराच्या दिवशी तो उजाडताच आला. गॅरेजच्या मागच्या भिंतीत स्वयंपाकघरात उघडणारं दार आहे. "आतून कडी लावली ना, ताई?"

"हो," मी म्हटलं. दार ओढून घेतलं होतं, कडी लावली नव्हती. गॅसवर दूध होतं. लावू मग, असं वाटलं आणि विसरले.

रंगाचा आणि हार्डनरचा, असे दोन डबे एका बकेटीत ओतून त्यानं मशीननं घोटले. "आता अर्धा घंटा. मंग हे दगड होते." ओल्या रंगावर चालता यावं म्हणून खिळ्यांचे तळवे बुटांना बांधले, तोंडाला मास्क लावला, आणि मागच्या भिंतीपासून रंग पसरवत शटरकडे सरकू लागला. मी शटरबाहेर उभी राहून पाहत होते. राखाडी फरशी आरशासारखी चमकत होती.

मागचं दार उघडलं. आई. वॉकर उंबऱ्याआत राहिलेला, लुगडं घोट्यावर उचललेलं. मी ओरडेपर्यंत त्या दोन पावलं आत आल्या होत्या.

"पानी किती साजरं आलं बांधीत," त्या म्हणाल्या. चमकती फरशी त्यांना भाताचं खाचर वाटत होती.

डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत. मी चप्पल काढून धावले.

"तुमी नोका येऊ! तुमी पडान, त्या बी पडन."

त्याला पाहून आई दचकल्या. मास्क, मोठा चष्मा. त्या मागे सरकल्या आणि पाय निसटला. कशाबशा सावरल्या. त्यानं मास्क ओढून काढला. मग हातमोजे काढून बाहेर फेकले. चिकट रबरातून पकड बसली नसती.

"आई, हालू नोका. चिखल खोल हाये तिथं."

"पऱ्हे कुठं हायेत? रोवणा कधी लागन?" आई भाताची रोपं शोधत होत्या, लावणीसाठी.

"पऱ्हे येऊन राहिले. मी येतो ना, मंग सोबत लावू."

एक एक पाऊल, टक, टक, खिळे टेकवत तो चालला. माझी नजर त्यांच्या पायांवरून हलत नव्हती. मागे बकेटीतून वाफ निघू लागली होती. त्यानं वळून पाहिलं नाही.

दोन हातांवर आला तेव्हा आईंनी विचारलं, "कोनाचा रे तू?"

आणि त्यानं सांगितलं. नाव, बापाचं नाव, गाव. घाई न करता. सांगता सांगता वाकला आणि त्यांना अलगद उचलून स्वयंपाकघरात नेलं.

मी अंगणातून वळसा घालून आत पोचले, हातात त्याच्या सामानातली थिनरची बाटली. "थिनर नोको!" तो पहिल्यांदाच ओरडला. "त्यानं आतमंदी मुरते. फडकं आना, साबन आना." आईंची पावलं त्यानं कोरड्या फडक्यानं पुसली, मग साबणानं तीनदा धुतली, बोटांच्या बेचक्यांतून, उघड्या हातांनी. स्वतःचे हात शेवटी.

गॅरेजमध्ये बकेटीतल्या रंगाचा दगड झाला होता.

संध्याकाळी यजमान संतापले तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "कडी मीच पाहाले पाहिजे होती, साहेब." तो गेल्यावर मी खरं सांगितलं. दोन दिवसांनी त्यानं सगळी फरशी पुन्हा घासून नवा थर दिला, वर वाळू टाकली. आई त्यावरून नीट चालू लागल्या.

दिवाळीनंतर शाळेतल्या मैत्रिणीला त्याचा नंबर हवा होता, म्हणून फोन केला. त्याच्या बायकोनं उचलला. "त्यायनं काम सोडलं जी. अंगाले तो रंग सहन होत नाही."

मी वरठीला गेले. अंगणात खाटेवर बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत सोललेले, तेल लावून गुडघ्यांपासून वेगळे धरलेले. त्यानं हातमोजे फेकले त्या दिवसाचा विषय मी काढला, तर त्यानं नकारार्थी मान हलवली. "वर्षांचं हाये, ताई. एका दिवसाचं नाही." ते खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

"आई कशा हायेत?" त्यानं विचारलं.

"चालतात. एकट्या चालतात."

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. माझा कप माझ्या हाती दिला. मग त्याच्या शेजारी बसली, त्याच्या चहावर दोनदा फुंकर घातली, आणि बशी त्याच्या ओठांना लावली. तो माझ्याकडे पाहून जरासा लाजला, आणि प्याला.